बाहुल्यांची शिकवणी

आमच्या केंद्राच्या संचालकांना भाषण करायला फार आवडतं. माणूस गेला तरी करतात, निवृत्त झाला तरी करतात. फरक एवढाच, की दुसऱ्या प्रकारात सत्कारमूर्तीला समोर बसून ते ऐकून घ्यावं लागतं. बाहुलीबाईच्या निरोपाच्या दिवशी ते म्हणाले, "यांनी असंख्य चिमुकल्यांच्या चेहऱ्यांवर हसू फुलवलं. यांचं मनच मुळी लहान मुलासारखं निरागस." बाहुलीबाई फुलांचा गुच्छ मांडीवर ठेवून बसली होती, चेहरा कोरा. मी मागच्या रांगेत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. निरागस म्हणे! इतकी हट्टी, इतकी बेरकी आणि मोठ्या माणसांना इतकं पाण्यात पाहणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. म्हणूनच तर माझं तिच्याशी जमलं.

मी तिच्या शेजारच्या खोलीत काम करते. जी मुलं तोतरी, बोबडी बोलतात किंवा बोलतच नाहीत, ती माझ्याकडे येतात. आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये प्लायवूडची भिंत आहे, म्हणजे नसल्यासारखीच. तिच्याकडचं पोर ओरडलं की माझ्याकडचं पोर गप्प व्हायचं, आणि माझी अर्धी मेहनत पाण्यात जायची. यावरून आम्ही कितीतरी भांडलो आहोत.

ती प्ले थेरपिस्ट. ज्या मुलांच्या घरात मरण, मारहाण, आजारपण किंवा आईबापांची ताटातूट झाली आहे, त्यांना ती खेळू द्यायची. बस्स, इतकंच. 'खेळण्याचा पगार घेते,' असं आमचा हिशेबनीस म्हणायचा, आणि 'बाहुलीबाई' हे नाव त्यानेच पाडलं. चिडवायला पाडलं होतं, पण तिने ते असं काही उचललं की त्याचीच पंचाईत झाली. दारावरची पाटी बदलून द्या म्हणून ती त्याच्या मागे लागली.

तिची खोली लहान. एका भिंतीला खेळण्यांच्या फळ्या, खिडकीखाली वाळूचा हौद, एक बुटकं टेबल, आणि कोपऱ्यात लाकडी बाहुलीघर: लाल छप्पर, चार खोल्या, चार बाहुल्या, आंघोळीचा टब. घर जुनं. त्याचा जिना कुणा पोराने कधीच उपटून नेला होता. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. दर आठवड्याला मूल आलं की खोली अगदी तशीच दिसली पाहिजे, कारण बाहेर त्याच्या आयुष्यात रोज काहीतरी हललेलं असतं. झाडणाऱ्या बाईने एकदा हत्ती आणि उंटाची अदलाबदल केली, तर बाहुलीबाईने सगळी सकाळ डोकं पिकवलं.

आणि ती लाडेलाडे बोलत नसे. 'अले अले' नाही, 'शाब्बास' नाही, 'किती छान' तर नाहीच. समोर जे होतंय तेवढंच बोलायची. "तू गाडी भिंतीवर आपटलीस." "परत आपटलीस." मुलाला कळतं की कुणीतरी आपल्याकडे पाहतंय आणि मार्क देत नाहीये. ही सवय घरीही गेली. एकदा नवऱ्याने ताट पुढे ढकललं आणि म्हणाला, "हे काय जेवण आहे?" ती म्हणाली, "तू ताट ढकललंस." तो म्हणाला, "मला नाही आवडलं." ती म्हणाली, "तुला नाही आवडलं." तो बिचारा उठून स्वतःच अंडी तळायला गेला. त्यानंतर त्या घरात जेवणाबद्दल कुणी ब्र काढला नाही. हे मला तिच्या सासूने सांगितलं, आणि सांगताना म्हातारी खूश होती.

या कामात ती आली तीही भांडूनच. आधी बालवाडीत होती. तिथल्या मुख्याध्यापिकेला वर्ग शोकेससारखा हवा असायचा. मग एका मोठ्या इस्पितळाच्या मुलांच्या वॉर्डात गेली. ऑपरेशनच्या आधी मुलांच्या हातात खोटी सुई आणि एक कापडी बाहुली द्यायची, आणि मुलं त्या बाहुलीला भोसकून भोसकून बेजार करायची. तिथला मुख्य सर्जन म्हणायचा, "बाई, इथे विज्ञान चालतं, भातुकली नाही." पुढे त्याच्याच टेबलावर मुलं लाथा झाडेनाशी झाली, तेव्हा हा महापुरुष एका परिषदेत 'आमची पद्धत' म्हणून त्याचा टेंभा मिरवून आला. तिचं नाव कुठे नव्हतं. तिने राजीनामा दिला तोही 'मला कंटाळा आला' एवढंच म्हणून.

नंतर पुराची छावणी. घरं वाहून गेलेली मुलं दिवसभर एकच खेळ खेळायची: एकाने बुडायचं, बाकीच्यांनी ओढून काढायचं, आणि कधी कधी मुद्दाम नाही काढायचं. पाहुणे आले की स्वयंसेवकांची धावपळ. "असलं घाणेरडं खेळू नका रे, चांगलं काहीतरी खेळा." मग पाहुणे मुलांना खेळण्यातली गुबगुबीत अस्वलं वाटायचे, फोटो काढायचे आणि गाडीत बसून हात पुसायचे. बाहुलीबाईने पाहुण्यांमधल्या एका पुढाऱ्याला सांगितलं की अस्वलं राहू द्या, वाळू आणि बादल्या पाठवा. तो हसला आणि तिच्या खांद्यावर थोपटून निघून गेला. ते थोपटणं ती अजून विसरलेली नाही, आणि मला तर नुसतं ऐकूनच त्या माणसाच्या मुस्काटात मारावंसं वाटतं.

पण मला सांगायचं आहे ते चिमीचं.

चिमी सात वर्षांची. बाप दातांचा डॉक्टर, आई बँकेत मोठी साहेबीण. दोघे वेगळे राहत होते आणि पोरगी कुणाकडे राहणार यावर त्यांची कोर्टात लढाई जुंपलेली. तोवर निकाल असा, की एक आठवडा बापाकडे, एक आईकडे. पोरगी अडखळत बोलायला लागली होती, म्हणून कोर्टाने तिला आमच्याकडे धाडलं: बोलण्यासाठी माझ्याकडे, मनासाठी बाहुलीबाईकडे. संचालकांची छाती फुगली. कोर्टाचं काम म्हणजे इभ्रतीचं काम! बाहुलीबाईने मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी तिला खेळू देईन. कोण चांगलं, कोण वाईट, हे मी कुणाला सांगणार नाही." संचालकांनी मान डोलावली, म्हणजे ऐकलं नाही.

सुरुवातीला चिमीने कशालाच हात लावला नाही. मग एके दिवशी बाहुलीघरापाशी बसली, चारही बाहुल्या उचलल्या आणि टबात एकीवर एक कोंबल्या. वरून रुमाल घातला. झालं. पुढच्या आठवड्यातही तेच, त्याच्या पुढच्याही. मी बाहुलीबाईला विचारलं, "म्हणजे काय गं?"

"म्हणजे चार बाहुल्या टबात."

"अगं पण त्याचा अर्थ?"

"अर्थ तुला हवाय. तिला टब हवाय."

अशी ही बाई. तिच्याशी बोलणं म्हणजे तोंडाची वाफ दवडणं. पण टबाचा खेळ सुरू झाल्यापासून माझ्या खोलीत चिमी एखाददुसरं वाक्य आपणहून बोलायला लागली. अडखळत बोलायची, पण बोलायची. मला तेवढं पुरे होतं.

मग एका सकाळी भिंतीपलीकडून मला तिचा आवाज आला आणि मी हातातलं काम ठेवलं. चिमी घडाघडा बोलत होती. "आई फोनवर बोलते आहे. बाळ रडतं आहे. आई बाळाकडे बघतच नाही. मग बाबा येतात आणि बाळाला कुशीत घेतात." एकदाही अडखळली नाही. दुसरी कुणी असती तर टाळ्या वाजवल्या असत्या. मी नाही वाजवल्या. माझ्या धंद्यातली साधी गोष्ट आहे: अडखळणारं मूल पाठ केलेलं मात्र अगदी सरळ म्हणतं. गाणं, पाढे, नाटकातलं भाषण. आपल्या मनातलं बोलायला गेलं की अडकतं.

जेवणाच्या सुट्टीत मी हे बाहुलीबाईला सांगितलं. ती डबा न उघडताच बसली होती. म्हणाली, "तिने बाबाबाहुलीला माडीवर नेलं. जिन्याने."

"आपल्या घराला जिना कुठाय?"

"नाही ना. हवेतच एकेक पायरी चढवली. उजव्या बाजूने." मग म्हणाली, "आणि झाल्यावर माझ्याकडे बघून विचारलं, 'बरोबर?'"

पुढच्या आठवड्यात चिमी आईकडून आली. या खेपेला बाबाबाहुली बाळाला न्हाणीघरात कोंडून आरडाओरडा करत होती आणि आईबाहुली दाराची घंटा वाजवून बाळाला सोडवायला येत होती. आमच्या घराला घंटा नव्हती. चिमीचं बोट मोकळ्या लाकडावर दाबलं जात होतं. बोलणं पुन्हा अगदी सरळ, आणि शेवटी पुन्हा तोच प्रश्न.

काय झालं होतं ते कळायला फार अक्कल लागत नव्हती. केंद्रातून निघाल्यावर गाडीत बसताक्षणी बाप विचारायचा, काय खेळलीस? दुसऱ्या आठवड्यात आई तेच विचारायची. पोरीने बाहुलीघराचं सांगितलं. बापाने तसंच घर विकत आणलं, जिन्याचं. आईला कळल्यावर तिने त्याहून मोठं आणलं, घंटेचं. आणि शिकलीसवरलेली ही दोन माणसं, एक लोकांचे दात उपटणारा आणि एक लोकांच्या सह्या तपासणारी, आपापल्या दिवाणखान्यात जमिनीवर बसून सात वर्षांच्या पोरीची बाहुल्यांची तालीम घेत होती. आईबाहुली अशी धर. बाबा असे ओरडतात ना, तसं ओरड. चुकलं, पुन्हा. मी या धंद्यात दारुडे बाप पाहिले, मारकुट्या आया पाहिल्या. त्यांच्यातल्या कितीकांबद्दल मला कधी ना कधी कणव आली. या दोघांबद्दल मात्र कधीच आली नाही.

बाहुलीबाईने दोघांना एकत्र बोलावलं आणि त्याच खोलीत मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसवलं. डॉक्टरचे गुडघे हनुवटीला लागत होते.

"घरी तिला बाहुल्यांचा खेळ शिकवू नका," ती म्हणाली. "आणि इथून गेल्यावर काय खेळलीस, हे विचारायचं नाही. दोघांनीही."

"मी फक्त तिच्या आवडीचं खेळणं आणलं," डॉक्टर म्हणाला. इंजेक्शन टोचताना काढतात तसला मऊ आवाज.

"याने आणलं म्हणून मला आणावं लागलं," साहेबीण म्हणाली.

"मॅडम, मी बाप आहे तिचा. बापाने विचारायचंसुद्धा नाही?"

"नाही."

"आणि माझ्यापासून ती काहीच लपवत नाही," आई म्हणाली, "तुम्हाला मुलं आहेत का हो?"

मुलं नसलेल्या बाईला हा प्रश्न कधी टाकायचा हे असल्या लोकांना बरोबर कळतं. बाहुलीबाई उठली आणि दार उघडून उभी राहिली.

त्या दिवशी तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खोली स्वतःच्या हाताने बदलली. बाहुलीघर उचलून माझ्याकडे आणलं आणि माझ्या कपाटावर चढवलं. पुढच्या खेपेला चिमी आली, रिकाम्या कोपऱ्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आ-आज परीक्षा ना-नाही?"

"नाही," बाहुलीबाई म्हणाली. "आता कधीच नाही."

चिमी बुटक्या टेबलाखाली शिरली, गालिच्यावर आडवी झाली आणि झोपली. घोरलीसुद्धा. बाहुलीबाई शेजारी जमिनीवर बसून राहिली. पुढच्या आठवड्यातही पोरगी आली, टेबलाखाली गेली, झोपली. त्याच्या पुढच्याही. दोन घरांत रात्रंदिवस तालमी करून ते लेकरू इतकं दमलं होतं, आणि अख्ख्या शहरात त्याला पडून राहायला एक गालिचा सापडला होता. भिंतीला कान लावला की मला तिचा श्वास ऐकू यायचा. त्या वेळात मी माझ्याकडच्या मुलांना हळू बोलायला लावायची.

आता गंमत ऐका. दोन वर्षांत ज्या नवराबायकोचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, पोरीच्या शाळेपासून तिच्या केसांच्या लांबीपर्यंत, त्यांचं बाहुलीबाईविरुद्ध झटक्यात एकमत झालं. दोघांनी मिळून तक्रार केली. दोघांच्या वकिलांनी एकत्र बसून चहा घेतला म्हणतात. तक्रार अशी, की मॅडम उपचार करत नाहीत, मुलगी नुसती झोपते, आणि जे खेळत होती तेही मॅडमनी बंद पाडलं. संचालकांनी तिला बोलावून घेतलं. मीही मागोमाग गेले, मला कुणी बोलावलं नव्हतं.

"बाई, झोपायला मुलांना घरी पलंग असतात," संचालक म्हणाले.

"हिला दोन आहेत," बाहुलीबाई म्हणाली. "एकावरही झोप लागत नाही."

"कोर्टाला काहीतरी द्यावं लागेल ना! कोण बरा, कोण नाही, एवढं सांगून मोकळ्या व्हा. तुम्हाला कळलेलं तर असणारच."

"मला कळलंय ते मी न्यायाधीशांना सांगते."

न्यायाधीशांनी आम्हा दोघींना त्यांच्या खोलीत बोलावलं. वयस्क गृहस्थ, चष्मा कपाळावर. बाहेर चिमीचे आईबाप दोन बाकांवर दोन टोकांना बसले होते. न्यायाधीशांनी सरळ विचारलं, "मुलीचा ओढा कुणाकडे आहे?"

"मला माहीत नाही," बाहुलीबाई म्हणाली. "आणि आता कुणालाच कळणार नाही. तिला दोघांनी खेळायला शिकवलंय. मूल खेळतं तेव्हा ते स्वतःचं असतं. हिचं तेवढंच होतं, तेही दोघांनी वाटून घेतलं. तिला कुणाकडेही द्या साहेब, पण खेळाबद्दल तिला कुणी काही विचारायचं नाही, असं सांगा. ती दोन बाहुलीघरं उचलायला लावा. आणि तिला झोपू द्या."

मी बोलण्याचं सांगितलं: पाठ केलेलं सरळ येतं, स्वतःचं अडखळत येतं. न्यायाधीशांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आमच्याकडे जरा वेळ पाहिलं. वाटलं, समजलं याला. समजलं असेलही. पण दोन्ही बाजूंनी एकमुखाने नको म्हटलेली बाई ठेवणं त्यांना अवघड होतं. हुकूम निघाला: ताब्याचा निकाल नंतर, तोवर आठवड्यांची वाटणी तशीच; दोन्ही घरांतली बाहुलीघरं काढावीत, आणि मुलीला दुसऱ्या केंद्रातल्या दुसऱ्या कुणाकडे न्यावं. निरोपापुरतं एकदा इथे यावं, आणि तेव्हा आईवडील दोघेही हजर असावेत. संचालकांनी तोंडदेखला खेद व्यक्त केला आणि सुटकेचा श्वास टाकला, तो मला कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला.

बाहुलीबाई त्या दिवशी खेळणी जागच्या जागी न लावताच घरी गेली. मला तिची भीती वाटली. इतक्या वर्षांत तिला कधी हरलेली पाहिली नव्हती. म्हणजे हरायची ती नेहमीच, पण तिला ते मान्य नसायचं.

ठरलेल्या दिवशी चिमी निरोपाला आली आणि दार बंद झालं. बाहेर कॉरिडॉरमध्ये आईबाप, मध्ये रिकामी खुर्ची. मी त्या तासाला एकही मूल घेतलं नाही. टेबलापाशी बसून राहिले. आधी बराच वेळ काही नाही, मला वाटलं झोपली. मग वाळू उपसल्याचा आवाज आला. मग धप्पकन काहीतरी पडलं. मग चिमी कुणालातरी हुकूम सोडायला लागली, अडखळत, शब्दाशब्दाला थांबत, पण थांबेना. मध्येच हसली. मोठ्याने, भसाड्या आवाजात हसली. सात महिन्यांत तिचं हसणं मी प्रथमच ऐकलं. ती काय खेळत होती ते मला दिसलं नाही, आणि मी बाहुलीबाईला नंतर कधी विचारलं नाही. आजतागायत नाही.

दार उघडलं तशी मीही बाहेर आले. चिमीच्या कोपरापर्यंत वाळू होती. दोघेही खुर्चीतून उठले. न्यायाधीशांनी काय सांगितलं होतं ते दोघांच्या वकिलांनी दोघांना समजावून दिलं होतं, पण सवय कुठे जाते! डॉक्टर वाकला आणि मऊ आवाजात म्हणाला, "मग? काय खेळली माझी राणी?"

साहेबीणही पुढे झाली. "सांग ना सोनू. मम्माला सांग."

चिमीने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. ओठ हलले, शब्द अडकला. मान ताठ झाली. मी तिला शिकवलेली एकही युक्ती तिने वापरली नाही, धक्के देत देतच ते बाहेर काढलं.

"ना-ना-नाही सां-सांगणार."

मग डॉक्टर सरळ उभा राहिला आणि बायकोकडे वळला.

"हे तू शिकवलंस."

"मी? हे सगळं तुझं! माझ्यापासून तोडायला तूच पढवलंस तिला."

"मागचा आठवडा तुझ्याकडे होती ती!"

"आणि त्याच्या आधीचा?"

पोरगी आपल्या तोंडाने, आपल्या मनातलं काही बोलू शकते, हे त्या दोन शहाण्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आवाज चढत गेले. तो पुढे, ती मागे, मग ती पुढे, तो मागे, असं हातवारे करत दोघे लिफ्टपाशी पोचले. लिफ्ट आली, दोघे आत शिरले, तिथेही बोट नाचवणं चालूच. दार बंद होत आलं तेव्हा दोघांच्या लक्षात आलं, की चिमी अजून आमच्या दाराजवळच्या बाकावर बसून पायात बूट घालते आहे.

लिफ्ट खाली गेली. ती पुन्हा वर येईपर्यंत आम्ही दोघी चिमीच्या दोन बाजूंना बसून राहिलो.